सारखा पडणारा सर्व्हर: मोठा प्लॅन घेण्याआधी मेमरीचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयाची वर्डप्रेसवरची (पीएचपी भाषेत लिहिलेली, साइट चालवणारी प्रणाली) साइट, १ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), अपाची (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). दिवसातून दोन-तीनदा आणि रात्री दोनच्या सुमारास तर हमखास ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’, म्हणजे डेटाबेसशी जोडणी होत नाही, असं दिसतं. रीबूट केलं की चालू होतं. होस्टिंगवाले मोठा प्लॅन घ्या म्हणतात, तर घ्यावा का?

आत्ताच घेऊ नका. आधी एवढंच शोधा, की मायएसक्यूएल आपणहून बंद पडतंय की त्याला कुणीतरी मारतंय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता वाटते. मारणारा आहे लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, आणि त्याच्यावर ती वेळ आणतोय अपाची.

पण त्यासाठी पहिलं काम म्हणजे रीबूटची सवय मोडणं. साइट पडल्याबरोबर आपण रीबूट करतो आणि नेमका तिथेच पुरावा जातो. डीमेसेज (dmesg) या आज्ञेत दिसणारे कर्नलचे संदेश मेमरीत असतात, रीबूट झालं की पुसले जातात. पुढच्या वेळी साइट पडली की एसएसएचने (सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवण्याची सोय) आत शिरा, डीमेसेज -टी (dmesg -T) चालवा आणि ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ शोधा. पुढे कंसात मायएसक्यूएलडी (मायएसक्यूएलच्या प्रोसेसचं नाव) लिहिलेलं असेल, तर निदान झालं. रीबूट आधीच करून बसला असाल तर जर्नलसीटीएल -के -बी -१ (journalctl -k -b -1) करून बघा. जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, डिस्कवर साठवला जात असेल तर मागच्या बूटचे कर्नलचे संदेश तिथे सापडतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, इथे पुष्कळ जण चकतात. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असतं. तुमच्या रात्री दोनला लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) २०:३० वाजलेले असतात, तेही आदल्या तारखेचे. दोनच्या आसपासच्या ओळी चाळून ‘लॉगमध्ये काहीच नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत. टाइमडेटसीटीएल (timedatectl) चालवून आधी घड्याळ बघा.

आता हे घडतं कसं? मॉड-पीएचपी (अपाचीच्या आतच पीएचपी चालवणारा भाग) वापरत असाल तर अपाची प्रीफोर्क पद्धतीने चालतो, म्हणजे एका वेळच्या एका जोडणीला एक पूर्ण प्रोसेस (प्रोग्रॅमची चालू प्रत). वर्डप्रेस आणि चार-पाच प्लगइन असले की अशी एक प्रोसेस ४०-५० एमबी सहज खाते. उबुंटूच्या प्रीफोर्क फाइलमध्ये ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’चा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस याचा, आकडा १५० असतो. ४५ एमबी धरले तर १५० गुणिले ४५ म्हणजे ६७५० एमबी. तुमच्याकडे आहेत १०२४. अपाचीला कुणी अडवत नाही, तो प्रोसेस काढत जातो. रॅम संपली की कर्नलला कुणाला तरी काढावंच लागतं, आणि तो मुख्यतः सर्वांत जास्त मेमरी एकट्याने धरून बसलेल्या प्रोसेसला काढतो. अपाचीच्या प्रोसेस एकेकट्या लहान असतात, मायएसक्यूएल एकटं साडेतीनशे-चारशे एमबीचं. म्हणून बळी त्याचा जातो. मग सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) त्याला पुन्हा उभं करू पाहतं, पण अपाचीने जागा सोडलेलीच नसते. मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये ‘कॅनॉट अलोकेट मेमरी फॉर द बफर पूल’ (बफर पूलसाठी मेमरी मिळाली नाही) दिसलं तर ते यातलंच. म्हणूनच डेटाबेसमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

अपाचीचा एरर लॉग इथे उलट दिशेला पाठवतो. त्यात कधीकधी ओळ येते, की मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सची मर्यादा गाठली, ती वाढवण्याचा विचार करा. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घेणारी एक साइट मी सांभाळत होतो, रॅम २ जीबी. ही ओळ दिसली, मी आकडा १५० वरून ३०० केला आणि काही मिनिटांत सर्व्हर इतका अडकला की एसएसएचला पासवर्ड मागायलाही तो तयार नव्हता. ऑर्डरी गेल्या, बागायतदाराचा पूर्ण दुपारभराचा धंदा बुडाला. ती ओळ खोटी नव्हती. अपाचीला फक्त आपल्या दारातली रांग दिसते, मशीनमध्ये रॅम किती उरली ते त्याला ठाऊक नसतं. तो हिशेब आपणच करायचा असतो. शेवटी तोच आकडा २५ वर आणला आणि साइट सगळा हंगाम चालली.

तुमचा हिशेब करू. टॉप (top) चालवा, शिफ्ट-एम दाबा, म्हणजे मेमरीनुसार क्रम लागेल. आरईएस (प्रत्यक्ष वापरलेली रॅम) रकान्यात अपाचीच्या पाच-सहा प्रोसेसची सरासरी काढा. (सामायिक मेमरी प्रत्येकीत मोजली जाते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असतो. फुगलेलाच धरा.) १०२४ मधून बाकी सिस्टमचे २०० आणि मायएसक्यूएलचे ३५० काढले तर साधारण ४७५ उरतात, भागिले ४५ म्हणजे दहा. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स १० करा. मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड मूळचं ० असतं, म्हणजे प्रोसेस कितीही फुगली तरी बदलली जात नाही. तिथे ५०० घाला, म्हणजे ५०० जोडण्यांनंतर ती बदलली जाईल. कीपअलाइव्हटाइमआउट (जोडणी किती सेकंद उघडी ठेवायची) ५ वरून २ वर आणा, नाहीतर पान वाचत बसलेला माणूस विनाकारण एक प्रोसेस अडवून ठेवतो. मग अपाची रीस्टार्ट करा.

दहा ऐकून घाबरू नका. अकरावा माणूस परत पाठवला जात नाही, तो रांगेत थांबतो, त्याला पान एखाद-दोन सेकंद उशिरा मिळतं. सर्वांनाच एरर दिसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सोबत १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करा आणि एफएसटॅबमध्ये नोंद घाला, म्हणजे रीबूटनंतरही ती लागू राहील. छोट्या व्हीपीएसवर बऱ्याचदा स्वॅप नसतोच. हा इलाज नव्हे, धक्का सोसायला उशी आहे. फ्री -एममध्ये (free -m, मेमरीचा वापर दाखवणारी आज्ञा) स्वॅप सतत भरलेला दिसला तर वरचा आकडा आणखी कमी करा.

राहिला रात्री दोनचा प्रश्न. त्या वेळी वाचनालयाच्या साइटवर वाचक कोण येणार? म्हणजे एकतर तुमचा बॅकअप नाहीतर बॉट (आपोआप साइटवर येणारे प्रोग्रॅम). बॅकअपचं प्लगइन सगळे फोटो पीएचपीमधूनच झिप करत असेल तर त्याची वेळ आणि हा मृत्यू जुळतो का बघा. तसं नसेल तर अपाचीचा अॅक्सेस लॉग (साइटवर कोण काय मागतं त्याची नोंद) उघडा. माझा अंदाज, की एक्सएमएलआरपीसी.पीएचपी (बाहेरच्या अॅपना वर्डप्रेसशी बोलू देणारी फाइल) किंवा डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी (लॉगिनचं पान) यांवर एक-दोन आयपी पत्त्यांकडून पोस्टच्या (माहिती पाठवण्याच्या विनंत्यांच्या) ओळींमागून ओळी दिसतील. पासवर्ड ओळखण्याचा तो प्रयत्न असतो आणि प्रत्येक धडकेला तुमचं पूर्ण वर्डप्रेस जागं होतं. मोबाइल अॅप किंवा जेटपॅक (वर्डप्रेसचं एक प्लगइन) वापरत नसाल तर एक्सएमएलआरपीसी.पीएचपी अपाचीच्या पातळीवरच ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ करून बंद करा. ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ हे उत्तर, द्यायला पीएचपीची गरज लागत नाही. लॉगिनच्या पानासाठी फेल-टू-बॅन (वारंवार चुकणारे आयपी पत्ते अडवणारा प्रोग्रॅम) लावा.

‘किल्ड प्रोसेस’ सापडलंच नाही तर डीएफ -एच (df -h) आणि डीएफ -आय (df -i) बघा, डिस्क किंवा आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले असले तरी मायएसक्यूएल असंच कोसळतं. अपाचीच्या लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असेल तर पीएचपीची एक्स्टेन्शन्स एकेक बंद करून बघावी लागतील, ते वेगळं प्रकरण आहे.

एवढं झाल्यावर आठवडाभर थांबा. पुढे सवडीने पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचीबाहेर वेगळं चालवणारी सेवा) आणि अपाचीच्या इव्हेंट पद्धतीवर जा, म्हणजे फोटो आणि सीएसएस द्यायला पीएचपी पोटात घेतलेली जड प्रोसेस लागणार नाही. तिथेही पीएम.मॅक्स_चिल्ड्रनचा (पीएचपीच्या जास्तीत जास्त प्रोसेस) आकडा याच भागाकाराने काढायचा. हे सगळं करूनही खरेखुरे वाचक रांगेत ताटकळत असतील, तर मोठा प्लॅन खुशाल घ्या. वाचनालयाचे पैसे तेव्हा योग्य ठिकाणी जातील.

आज रात्री पुन्हा पडला तर रीबूट करू नका. डीमेसेजच्या शेवटच्या तीस ओळी आणि फ्री -एमचं उत्तर आयपी झाकून खाली टाका, मी बघतो.