सॅम्पल फ्लॅटला भुलू नकोस
पुण्यात वाकड-पुनावळ्याकडे पहिला फ्लॅट बघतोयस, तर खिशात मेजरटेप ठेवच. सॅम्पल फ्लॅटमध्ये बऱ्याचदा खोल्यांना दारंच लावलेली नसतात, पलंगही आखूड बनवून घेतलेला असतो; म्हणून खोली ऐसपैस वाटते. आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन कसंबसं बसलं, पण भांडी घासणाऱ्या मावशींना टेकायला जागा उरली नाही. रोज त्यांना तसं अवघडून बसलेलं बघताना जिवाला लागतं. नकाशा नीट बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं.

भाव नेहमी रेरा कार्पेटवर, म्हणजे रेरा कायद्याने ठरवलेल्या घराच्या आतल्या क्षेत्रफळावर, भागून काढ. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही. ४५ लाखांवरच्या चालू बांधकामाला ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी) मिळालेल्या घराला लागत नाही. स्टँप ड्युटी वेगळीच.

आणि पाण्याचं सेल्स ऑफिसात विचारू नकोस. शेजारच्या राहत्या सोसायटीत जा, वॉचमनकाकांना विचार, मे महिन्यात रोज किती टँकर येतात. मेंटेनन्स का वाढतो ते तिथेच कळेल. माझं ऐक, टोकन द्यायच्या आधी जा.