तिमिर म्हणजे नुसता अंधार नव्हे

प्रश्न असा आला आहे: जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर मराठीत लिहिताना शीर्षक 'तिमिराचे हृदय' असं करावं का? आणि तिमिर, अंधार, काळोख हे एकच ना?

एकच नाहीत. 'वीज गेली आणि खोलीत तिमिर पसरला' असली वाक्यं वाचून वैताग येतो. वीज गेल्यावर अंधार होतो. लिखाण भारदस्त दिसावं म्हणून अंधाराच्या जागी तिमिर बसवायचं, हा प्रकार थांबायला हवा. काळोख हा उघडच काळ्या रंगाशी बांधलेला शब्द, म्हणून तो मिट्ट असतो, किट्ट असतो. अंधार आला अंधकारावरून, म्हणजे आंधळं करणारा. या दोघांबद्दल एवढं पुरे.

तिमिर मात्र डोळ्याचा रोग आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथाच्या उत्तरतंत्रात, सातव्या अध्यायात, त्याची वाटचाल पायरीपायरीने दिली आहे. डोळ्याच्या पहिल्या पटलात, म्हणजे पडद्यात, दोष शिरला की सगळं अस्पष्ट होतं. दुसऱ्यात गेला की नसलेल्या माश्या, केस, जाळी दिसू लागतात, लांबचं जवळ भासतं आणि कितीही प्रयत्न केला तरी सुईचं नेढं सापडत नाही. चौथ्या पटलात पोचलेलं तिमिर दृष्टी सगळीकडून कोंडतं. त्याला लिंगनाश म्हणतात. तरीही रोग फार मुरला नसेल तर त्या माणसाला सूर्य, चंद्र, नक्षत्रं, विजा दिसतात!

आता 'अज्ञानतिमिरान्धस्य ज्ञानाञ्जनशलाकया' म्हणून पाहा. अंजन आणि ते घालायची सळई अंधाऱ्या खोलीत कशाला लागेल? श्लोकातला गुरू नेत्रवैद्य आहे. 'दुरितांचे तिमिर जावो' यातही मी हाच रोग वाचतो. पुढच्या 'विश्व स्वधर्मसूर्ये पाहो' मधल्या 'पाहो'चा अर्थ काही जण 'उजाडो' असा लावतात. मला तो मान्य नाही. आधी डोळ्यावरचं तिमिर जायचं आणि मग विश्वाने पाहायचं, हा क्रम इतका सरळ असताना 'उजाडो' कशासाठी? लिंगनाशातही सूर्य दिसतो हे सुश्रुताचं निरीक्षण शेजारी ठेवलं की ओवी आणखी उलगडते.

'अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, तर अंधकार, ध्वांत, तमिस्र, तिमिर, तम हे एकाच ओळीत आहेत' असं सांगणारे भेटतात. आहेत. पण एका ओळीत बसले म्हणून शब्दांचा अर्थ एक होत नाही. त्याच अमराने लगेच पुढे गाढ अंधाराला अंधतमस आणि विरळ अंधाराला अवतमस अशी वेगळी नावं दिली आहेत, ती कोणी वाचत नाही.

व्युत्पत्तीचंही तसंच. आधुनिक अभ्यासक तिमिराला तमस्‌च्या कुळात घालतात. तमिस्रा आणि लॅटिनमधला अंधारवाचक 'टेनेब्री' यांचं नातं पक्कं आहे, पण तिमिरात 'अ'चा 'इ' कसा झाला हे सांगताना बरीच कसरत करावी लागते. उणादिसूत्रं, म्हणजे शब्द धातूंपासून साधणारी संस्कृत व्याकरणातली सूत्रं, सरळ 'तिम्' म्हणजे ओलं होणं या धातूवर बोट ठेवतात. माझा कौल उणादीला. ओलावलेल्या डोळ्याला धूसर दिसतं. डोळ्याचा अर्थ आधीचा आणि रात्रीचा नंतरचा, असं मी मानतो.

कॉनरॅडकडे येऊ. १८९९ साली मासिकातून क्रमशः आणि १९०२ मध्ये पुस्तकात आलेल्या या कथेत 'प्रकाश चांगला, अंधार वाईट' ही परीक्षेतली जोडी टिकतच नाही. ज्या हस्तिदंतासाठी माणसं सडतात तो पांढरा. हस्तिदंत गोळा करणाऱ्या कर्ट्झने काढलेल्या चित्रातल्या बाईच्या हातात पेटती मशाल आहे आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी. मरणाऱ्या कर्ट्झपाशी कथा सांगणारा मार्लो मेणबत्ती घेऊन येतो, तेव्हा कर्ट्झ म्हणतो की मी इथे अंधारात मरणाची वाट बघत पडलोय. ज्योत त्याच्या डोळ्यांपासून फूटभरही लांब नसते! शेवटी कर्ट्झच्या वाग्दत्त वधूच्या कपाळावर खोली काळवंडत असताना उजेड टिकून राहतो आणि त्याच उजेडासमोर मार्लो खोटं बोलतो. उजेड समोर असूनही न दिसणं याला मराठीत तिमिर हाच शब्द आहे.

तेव्हा शीर्षकात तिमिर ठेवा, हृदय काढा. हृदय आलं की वाचक प्रेमकथेची अपेक्षा धरतो. इथे गाभा हवा: 'तिमिराच्या गाभ्यात'. आत नदी आणि अरण्याच्या वर्णनाला काळोख वापरा. कर्ट्झच्या तोंडी मात्र अंधारच ठेवा. मरणारा माणूस तिमिर म्हणत नाही.