शेवटचा गाँग

प्रश्न : काका, बाबांकडे 'क्वीन' या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची जुनी, दुकानातून भरून घेतलेली कॅसेट आहे. मी त्यांना मोबाइलवर २०११चं रीमास्टर ऐकवलं, तर म्हणाले, "छान आहे, पण आमचं नाही." रीमास्टरमध्ये नक्की करतात काय? आणि १९७५चं गाणं माझ्याही डोक्यातून का जात नाही?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दुकानातून भरलेली? मग थोडा दोष माझाही असेल. गोखले रोडजवळच्या एका गल्लीत मी कॅसेटी भरून द्यायचो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं. हे गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. साठच्या कॅसेटला एका बाजूला जेमतेम तीस मिनिटं मिळतात. हे यादीत शेवटी आलं की माझा हिशेब चुकायचा आणि टेप मध्येच संपायची. एक जण तक्रार घेऊन आला, तर मीच वर म्हटलं, "अहो, संपलंच होतं की गाणं!" नव्हतं संपलं. शेवटच्या ओळीनंतर एक गाँग, म्हणजे धातूची मोठी थाळी, वाजतो, अगदी हलका. टेप पुरली तरी तो खरखरीत बुडायचा, कारण मी कॅसेटवरून कॅसेट भरायचो आणि दर प्रतीत खरखर वाढत जाते.

रीमास्टरमध्ये नवं कुणी गात-वाजवत नाही. सगळे आवाज एकत्र करून झालेली मूळ टेप डिजिटल करतात, खर्ज आणि तार यांचा तोल, आवाजाची पातळी नीट बसवतात. प्रत्येक आवाजाचे, वाद्याचे सुटे ट्रॅक उघडून पुन्हा मिसळले, तर ते रीमिक्स. २०११चं काम मास्टरिंग इंजिनिअर बॉब लडविग यांचं. मात्र तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेव. जे मोठ्यानं वाजतं तेच कानाला बरं वाटतं, आणि रीमास्टर पुष्कळदा मोठ्यानं वाजतात.

आता डोक्यातून न जाण्याचं. आपल्या कानांना ध्रुवपद परत येण्याची सवय. इथे ते येतच नाही. संथ पियानो, मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणाट आणि पुन्हा शांत. ऑपेरातला तो अख्खा जमाव म्हणजे बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, तिघंच! एकावर एक आवाज चढवताना टेप इतक्यांदा फिरली, की तिच्यातून उजेड आरपार दिसायला लागला, असं सांगतात. आणि हा फ्रेडी शाळेत होता पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथेच त्याचा पहिला बँड, 'द हेक्टिक्स'. दुकान चालवत होतो तेव्हा मला हे ठाऊक असतं, तर पाटीवर लिहिलं असतं.

बाबांचं 'आमचं नाही' मला पटतं. त्यांच्या गाण्यात ती खरखरही आहे. तरी एकदा त्यांना हेडफोन लावून रीमास्टरचे शेवटचे दहा सेकंद ऐकव. मग कॅसेट लाव. गाँगच्या आधीच टेप संपत असेल, तर दुकान बहुधा माझंच. माझ्या वतीनं माफी माग.