हुजूर, मजूर आणि तुझा व्हिसा

निखिल, तुझा लांबलचक मेसेज वाचला. मार्चमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर मँचेस्टरला येतोयस, सोबत बायको आणि चार वर्षांची लेक, आणि इथल्या बातम्या बघून डोकं भणभणलंय. "ताई, सरकार लेबरचं आहे ना, मग तेच बाहेरच्यांच्या मागे का लागलंय? आणि तो फराज आला तर आम्हाला हाकलतील का?" असं विचारलंयस. आज, डिसेंबर २०२५ मध्ये, जे दिसतंय ते सांगते.

लहानपणी आपण पेपरात वाचायचो, ब्रिटनमध्ये दोन पक्ष, हुजूर म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि मजूर म्हणजे लेबर. श्रीमंतांचा तो हुजूर, कामगारांचा तो मजूर. मी २०१४ मध्ये लेस्टरला आले ती हेच डोक्यात घेऊन, आणि पार फसले. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणारी माणसं आटली, म्हणून २०२१ पासून भारत, नायजेरियासाठी दारं सताड उघडली ती हुजूर पक्षाने. २०२३ मध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा नऊ लाखांच्या वर गेला. "आम्ही माणसं कमी करू" असं सांगून निवडून आलेल्या पक्षाच्या राजवटीत! त्याचा राग लोकांच्या मनात अजून आहे आणि तो निस्तरतंय लेबर सरकार. परदेशातून केअर वर्कर आणणं जुलै २०२५ मध्ये त्यांनीच बंद केलं, तुमच्या व्हिसाची किमान पगाराची अट ४१,७०० पौंडांवर त्यांनीच नेली. गृहमंत्री शबाना महमूद यांचं घराणं मूळचं पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचं, आणि सगळ्यात कडक प्रस्ताव त्यांचेच. तेव्हा नाव-आडनाव बघून अंदाज बांधू नकोस.

आता मुख्य गोष्ट, आकडे. जुलै २०२४ च्या निवडणुकीत लेबरला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, पण मतं फक्त ३४ टक्क्यांच्या आसपास. पद्धत आपल्यासारखीच आहे, ज्याला जास्त मतं तो खासदार. उजवी मतं हुजूर पक्ष आणि नायजेल फराजच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म यूके पक्षामध्ये फुटली आणि लेबरची लॉटरी लागली. रिफॉर्मला १४ टक्के मतं आणि जागा पाच. लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के आणि जागा ७२. त्यामुळे पाच खासदारांचा पक्ष सरकारची झोप उडवतो. लेबरच्या जुन्या कामगार गावांत रिफॉर्म दुसऱ्या नंबरवर आहे, आणि मे २०२५ मध्ये रन्कॉर्नची पोटनिवडणूक त्यांनी अवघ्या सहा मतांनी मारली. लेबरचे पंतप्रधान स्टार्मर यांची भाषा कडक होत जाते ती या भीतीपोटी. म्हणूनच "फराज आला तर?" या प्रश्नाला मी फार महत्त्व देत नाही. तो न येताच त्याचं निम्मं काम होतंय.

तुला झळ लागेल ती इथे. कायमस्वरूपी राहण्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, मला पाच वर्षांत मिळाला. आता सरकारचा प्रस्ताव आहे की साधारण मुदत दहा वर्षं करायची. वार्षिक उत्पन्न सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर असेल तर पाच वर्षं कमी होतील. फेब्रुवारी २०२६ पर्यंत त्यावर लोकांची मतं मागवली आहेत. रिफॉर्म तर म्हणतो आयएलआरच रद्द करू. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या मध्यापर्यंत कधीही. तुझी पाच वर्षं भरायच्या आत नवं सरकार आलेलं असेल. त्यामुळे "पाच वर्षांत पक्कं होऊ" या हिशोबावर पुण्यातला फ्लॅट विकू नकोस.

पंतप्रधान मात्र निवडणुकीशिवायही बदलतो. २०२२ मध्ये एका वर्षात तीन झाले. त्यातल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही, सत्ताधारी खासदार सरकारला जाहीरपणे वाकवतात. सध्या स्टार्मर यांच्या जागी कोण, या चर्चेत तुमच्या ग्रेटर मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम यांचं नाव असतं. पण ते खासदार नाहीत, म्हणून गाडी अडलेली. तुला त्यांची ओळख पिवळ्या बसमधून होईल. खाजगी कंपन्यांच्या हातातल्या बससेवा त्यांनी परत सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. कचरा, शाळाप्रवेश, काउन्सिल टॅक्स हे सगळं काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे, वेस्टमिन्स्टरकडे म्हणजे संसदेकडे नाही.

आणि हे तुला कुणी सांगितलं नसेल, भारतीय पासपोर्टवर तुला इथे मत आहे. काउन्सिललाही आणि संसदेलाही, आल्याआल्या, कारण आपण कॉमनवेल्थचे. माझी पोलिश शेजारीण वीस वर्षं इथे आहे, तिला संसदेसाठी मत नाही. ब्रेक्झिटच्या सार्वमतातही नव्हतं. मी मात्र दोन वर्षांत मत देऊन आले. चर्चच्या हॉलमध्ये केंद्र, दाराशी दोन कुत्री बांधलेली, ईव्हीएम नाही, दोरीला बांधलेली बुटकी पेन्सिल आणि कागदावर फुली. मी सवयीने शाईसाठी डावा हात पुढे केला. टेबलामागच्या बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं! आता फोटो ओळखपत्र लागतं, आपला पासपोर्ट चालतो. मार्चमध्ये आल्यावर लगेच ऑनलाइन नाव नोंदव, म्हणजे ७ मे २०२६ च्या काउन्सिल निवडणुकीत मत देता येईल. मतदार यादीत नाव असलं की बँका, मोबाईलवालेही जरा सरळ बोलतात, क्रेडिट तपासणीत पत्ता लगेच जुळतो.

मत कुणाला, ते मी सांगणार नाही. भारतीय सगळे लेबरचे, हेही आता खरं नाही. २०२४ मध्ये हुजूर पक्ष देशभर आडवा झाला आणि त्यांनी दुसऱ्यांकडून खेचलेली एकुलती एक जागा कुठली, तर आमची लेस्टर ईस्ट.

भीतीचं म्हणशील तर २०२४ च्या उन्हाळ्यातल्या स्थलांतरितविरोधी दंगलींत मीही आठवडाभर मुलाला एकटं सोडलं नाही. या उन्हाळ्यात गावोगावी विजेच्या खांबांवर इंग्लंडचे आणि ब्रिटनचे झेंडे लागले. काहींना तो निव्वळ देशाभिमान, मला तो बघून पोटात खड्डा पडतो. बातम्यांत होड्यांतून येणारे आश्रयार्थी आणि व्हिसावर येणारे तुमच्यासारखे एकाच वाक्यात येतात. नियम मात्र पूर्ण वेगळे. तुम्हाला भत्ते नाहीतच, उलट सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांना ७७६. तुम्हा तिघांचे पाच वर्षांचे १४,२३० पौंड, म्हणजे सोळा-सतरा लाख रुपये. हा अधिभार वाढवला हुजूर पक्षाने, आणि लेबरने तसाच ठेवलाय.

एचआरला आजच विचार, व्हिसा तीन वर्षांचा की पाच, अधिभार कोण भरणार, आणि लेखी पगार ५०,२७० च्या वर आहे की खाली. उत्तरं आली की मला फोन कर, रविवारी दुपारनंतर घरीच असते.