ओहोळाचे तांबूस पाणी आणि दुकानातला चुना

प्रश्न : आमची भातखाचरे जंगलातून येणाऱ्या ओहोळावर आहेत. मृगाच्या पावसात पाणी चहासारखे तांबूस होते, काठाला तेलकट तवंग येतो. पाण्यात चुना आणि जिप्सम सोडावे, असे दुकानदार सांगतो. काय करावे? (राधानगरी व गगनबावडा तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : पाण्यात काहीही सोडू नका. पहिल्या जोराच्या पावसाचे पाणी खोल मुरण्याआधीच कुजलेल्या पाचोळ्याच्या थरातून वाट काढत ओहोळाला मिळते आणि त्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ सोबत आणते. तांबूसपणा बराचसा त्यांचाच असतो. दिवाळीनंतर मात्र ओहोळात खालच्या थरांतून सावकाश झिरपलेले पाणी येते, आणि जांभ्याच्या मातीतील लोह व ॲल्युमिनियमची संयुगे ते पदार्थ धरून ठेवत असल्यामुळे ते नितळ दिसते. तवंग काडीने हलवून पाहा. कपच्यांसारखा तुटला तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा आहे, पिकाला त्याची भीती नाही. तुटून पुन्हा जुळला तर तेल आहे, मग वरच्या अंगाला कोणाचे इंजिन गळते ते शोधा.

जिप्सम हे शिरोळकडील चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या जमिनींचे औषध आहे, तुमच्या पाण्याचे नव्हे. मुसळधार पावसाने वर्षानुवर्षे चुना, मॅग्नेशियम व सिलिका धुऊन नेल्यामुळे जांभ्याची जमीन आम्लधर्मी होते, हे खरे. म्हणून चुना लागू शकतो, परंतु तो मातीत, माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे आणि लावणीपूर्वी तीन-चार आठवडे. चुना जास्त झाला की जस्त व लोह पिकाला मिळेनासे होते, आणि मग तोच दुकानदार तुम्हाला झिंक सल्फेट विकतो. चुना व युरिया एकत्र तर कधीच टाकू नका; अमोनिया उडून जातो. मुसळधार पावसाच्या तोंडावरही युरिया फोकू नका, तो सरळ ओहोळात जातो. त्याऐवजी लावणीनंतर चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, खोचा.

माझा खरा आग्रह पाचोळ्याबद्दल आहे. राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपांची जागा पाचोळा जाळून तयार करण्यासाठी, डोंगरउतारावरचा पाचोळा ओरबाडू नका. तो गेला की उघड्या मातीवर थेंबांचा मार बसतो, पाणी मुरत नाही, पावसाळ्यात ओहोळ गढूळ वाहतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो. राबाशिवायही, गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपे उत्तम येतात. अनेक शेतांत मी हे पाहिले आहे. काठालगतचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा न नांगरता ठेवून तिथे वाळा लावा. बांधावरच्या झाडांसाठी रोजगार हमी योजनेची चौकशी ग्रामरोजगार सेवकाकडे करावी.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या. अहवाल हाती येईपर्यंत चुन्याचे पोते दुकानातच राहू द्या.