बुडबुडा, बुबुळ आणि घरांचे भाव

लातूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, नवराबायको दोघांचे पगार वर्षाकाठी जेमतेम सरकतात आणि फ्लॅटचे भाव मात्र त्यांच्या कितीतरी पुढे पळतात, तर याला ‘फुगा’ म्हणावे की ‘बुडबुडा’, आणि भाव पगारापुढे गेले एवढ्यावरून तसे काही आहे असे ठरवता येते का.

‘फुगा’ तर मुळीच म्हणू नये. ‘प्रॉपर्टीचा फुगा फुटणार’ हा मथळा वाचून मी विटलो आहे. फुगा कोणीतरी फुगवतो, त्याला दोरा बांधतो आणि जत्रेत विकतो. बुडबुड्याला असा एक धनी नसतो. लंडनमध्ये १७२० साली साऊथ सी कंपनीच्या शेअरचे भाव चढून कोसळले, तेव्हा इंग्रजांनी ‘बबल’ हा जो शब्द वापरला त्याला मराठीत बुडबुडा हाच प्रतिशब्द आहे.

ज्यात पैसे बुडतात तो बुडबुडा, अशी व्युत्पत्ती ठासून सांगणारे विद्वान मला अधूनमधून भेटतात आणि त्यांचा ‘बुडणे’शी जोडलेला हा संबंध निव्वळ कानाचा आहे. शब्द संस्कृत ‘बुद्बुद’पासून आला आहे, आणि घागर पाण्यात तिरकी धरली की जो आवाज येतो त्याचीच ती नक्कल असावी. पालीत त्याचे ‘बुब्बुळ’ झाले. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली पद्यांच्या संग्रहात, शुभा नावाच्या भिक्षुणीला एक लंपट तरुण वाटेत अडवून तिच्या डोळ्यांची स्तुती करतो, तेव्हा ती त्याला सांगते की डोळा म्हणजे खोबणीत बसवलेली गोळी, मध्ये आसवांनी ओला एक बुडबुडा. आणि मग डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. आपले ‘बुबुळ’ हे त्याच बुब्बुळाचे रूप आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझे एक स्नेही त्याला लहान मुलांच्या बोलीतला द्विरुक्त शब्द मानतात. त्यांनी थेरीगाथा उघडून पाहण्याची तसदी घेतलेली नाही, एवढेच मी म्हणेन.

यातून प्रश्नाचेही अर्धे उत्तर निघते. बुबुळ आणि बुडबुडा दोन्ही गोल, दोन्ही वर आलेले. पण एक आतून भरलेले आणि दुसऱ्यात नुसती हवा. भाव किती चढले हे पाहून आत काय आहे ते कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९९० मध्ये हेच नेमके मांडले: उद्या आणखी भाव मिळेल या एकाच आशेवर आजचा भाव टिकून असेल आणि दुसऱ्या कोणत्याही मूलभूत कारणाने त्याचे समर्थन होत नसेल, तरच तो बुडबुडा. लातुरात शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुले येतात, त्यांच्यामागोमाग कधी आईही खोली करून राहते, आणि त्या खोलीचे भाडे दरमहा रोख मोजले जाते. अशा वस्तीतला भाव पगाराला झेपेनासा झाला तरी तो पोकळ म्हणता येणार नाही. उलट वळणरस्त्यालगतच्या एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटचा सौदा पाहा. चहाच्या टपरीवर एकजण प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेली इसारपावती, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन पक्क्या केलेल्या सौद्याचा कागद, काढतो, रजिस्ट्रीची मुदत संपण्याआधी ती दुसऱ्याला वाढीव भावाने देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि त्या प्लॉटवर घर बांधण्याचा विचार त्या तिघांपैकी एकाच्याही मनात नसतो. बुडबुडा हा शब्द इथे शोभतो.

मग पगारापुढे गेलेल्या, पण भाड्याने आणि स्वस्त कर्जाने तोलून धरलेल्या भावांना काय म्हणावे? आपल्याकडे ‘फुगवटा’ हा सुरेख शब्द आहे. पैठणला धरण भरले की नाथसागराचे पाणी मागे मागे चढत जाते, त्याला गोदाकाठचा शेतकरी फुगवटाच म्हणतो. ‘चलनफुगवटा’ याच शब्दातून घडला होता. तो टाकून ‘चलनवाढ’ असा बेचव शब्द रूढ करणाऱ्यांनी काय साधले, ते मला अजून उमगलेले नाही. फुगवटा फुटत नाही, ओसरतो, आणि ओसरायला वेळ लागतो. जपानमध्ये तर बुडबुडा म्हणून गाजलेले प्रकरणही असेच ओसरत गेले: तिथल्या शहरी जमिनींचे भाव १९९१ च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि पुढे दशकाहून अधिक काळ उतरत राहिले.