आडनावांच्या कोट्या : वाचकांचे प्रश्न, स्कोअररकाकांची उत्तरं

मागच्या अंकात क्रिकेटपटूंच्या आडनावांवरच्या कोट्या मागवल्या होत्या. पत्रांचा ढीग आला. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान इथल्या तंबूंत बसून मी आयुष्यभर आडनावंच लिहिली, त्यामुळे प्रत्येक पत्र आवडीनं वाचलं. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

काका, आमच्या 8.12 च्या लोकलमध्ये 'अजिंक्य राहणे' ही कोटी रोज ऐकू येते. तिच्यात उच्चाराच्या गमतीपलीकडे काही आहे का? (डोंबिवली)

आहे तर! तुमच्याच डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेनं 6 कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. 2017 ला धरमशाला, 2018 ला बंगळुरू, मग मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन आणि 2021 ला कानपूर. 4 जिंकल्या, 2 अनिर्णित, हरली एकही नाही. ॲडलेडला 36 धावांत गारद झालेला संघ हाती आला, कोहली मायदेशी परतलेला, आणि पुढच्याच कसोटीत मेलबर्नला यानं 112 धावा काढल्या. सिडनीत दुसऱ्या डावात तो लवकर बाद झाला, तेव्हा राहण्याचं काम विहारी आणि अश्विननं केलं. नाव आणि आडनाव मिळून अख्खं वाक्य होतं आणि कर्णधार म्हणून तो ते शब्दशः जगला. माझ्या यादीत हीच कोटी पहिली.

जुन्या मुंबईकर खेळाडूंच्या आडनावांत असं काही सापडतं का? (गिरगाव)

खजिना आहे. बापू नाडकर्णी घ्या. फलंदाजाला नाडावं कसं, ते त्यांनी जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडला दाखवलं : 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. त्यात लागोपाठ 21 षटकं निर्धाव! बळी एकही नाही, पण स्कोअररला विचारा, असं पान पुन्हा लिहायला मिळत नाही. सुभाष गुप्तेंची गुगली खरोखरच गुप्त. 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजचे 9 गडी त्यांनी एका डावात टिपले. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून त्याला सोलून काढत. 27 कसोटींत 53 झेल, तेही हेल्मेट नसलेल्या काळात. आणि वेंगसरकर? सर करणं आडनावातच आहे. लॉर्ड्सवर 1979, 1982 आणि 1986 अशी तीन कसोटी शतकं.

पण मला सगळ्यात प्रिय पद्माकर शिवलकर. फलंदाजाच्या बॅटला चेंडू शिवू न देणारे म्हणून शिवलकर, असं आम्ही म्हणायचो. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध त्यांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण 589. भारतीय संघात त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी होते, त्यामुळे भारताची टोपी मात्र पॅडींच्या, म्हणजे शिवलकरांच्या, डोक्याला कधी शिवली नाही. 3 मार्च 2025 ला ते गेले. त्यांच्या आडनावावरची ही दुसरी कोटी सांगताना मला आजही गलबलून येतं.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आमचं आडनाव एका प्राण्यासारखं ऐकू येतं, म्हणून नेट्समध्ये मुलं त्याला छळतात. आता तो सरावाला जायला तयार नाही. (भांडुप)

ताई, तुमचं आडनाव इथे छापत नाही. आधी प्रशिक्षकांशी बोला, आणि मुलासमोर नको, एकट्यानं बोला. ही थट्टा त्यांनीच थांबवायला हवी. आपल्याकडे आडनाव ऐकलं की गाव आणि जात हुंगायची वाईट खोड आहे आणि मुलं ती घरातूनच मैदानावर आणतात. मी कोटी मानतो ती खेळावर केलेली. कुळावर केली की ती शिवी.

मुलाला मांजरेकरांबद्दल सांगा. आडनावात अख्खं मांजर आहे! विजय मांजरेकरांनी 1952 मध्ये लीड्सला विशीत 133 धावा काढल्या, मुलगा संजयनं 1989 मध्ये लाहोरला 218. अजित आगरकरचंही सांगा. ऑस्ट्रेलियात एकापाठोपाठ शून्यावर बाद झाला, तर लोकांनी मुंबईच्या बोंबलाचं इंग्रजी नाव त्याला चिकटवलं : 'बॉम्बे डक' (क्रिकेटमध्ये शून्याला 'डक' म्हणतात). त्याच आगरकरनं 2002 मध्ये लॉर्ड्सवर नाबाद 109 केल्या. गावसकर आणि तेंडुलकर या दोघांनाही तिथे कसोटी शतक जमलं नाही. पुढच्या वर्षी ॲडलेडला 41 धावांत 6 बळी घेऊन त्यानं ऑस्ट्रेलियालाच वाकवलं.

मुलगा पुन्हा खेळायला लागला की मला कळवा. त्याच्या एका सामन्याचं स्कोअरिंग मी करीन. त्याचं आडनाव पूर्ण आणि ठळक अक्षरांत लिहीन.

संघात इंजिनिअरही होता आणि कॉन्ट्रॅक्टरही. मग बांधकाम काय झालं? (दादर)

झालं ना! 1961-62 मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर कर्णधार असताना फरोख इंजिनिअर कसोटीत आले आणि त्याच मालिकेत भारतानं इंग्लंडला 2-0 नं हरवलं. इंग्लंडविरुद्धचा आपला तो पहिला मालिकाविजय.

'मंकडिंग' ही कोटी म्हणायची की अपमान? (बोरिवली)

अपमान, आणि तोही अन्यायाचा. डिसेंबर 1947 मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाची क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केलं, आणि असं बाद करण्याला 'मंकडिंग' हे नाव पडलं. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीदही दिली होती. खुद्द ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. 2022 मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं हा प्रकार 'अयोग्य खेळ' या नियमातून काढून धावबादच्या नियमात घातला. सुनील गावसकरांनी या शब्दाला उघड विरोध केला आहे. मी त्यांच्या बाजूनं आहे.

वानखेडेलगतच्या रस्त्याला विनू मंकड यांचं नाव आहे. त्यांच्या आडनावाचं क्रियापद करायचंच असेल, तर 1952 च्या लॉर्ड्स कसोटीवरून करा. पहिल्या डावात 72, मग 73 षटकं टाकून 5 बळी, आणि दुसऱ्या डावात 184. सामना आपण हरलो, तरी लोक ती कसोटी मंकड यांचीच म्हणतात. म्हणून मंकडणे : एकट्यानं पाच जणांचं काम करणे. वापरून बघा आणि कोणासाठी वापरलंत ते पत्रात लिहा.